जॅक ते हूक

१२ सप्टेंबर, शुक्र.

ऑपरेटर बांधवांनो, आपण रोज भार उचलतो तेव्हा या शहरात कुणी मान वर करून पाहत नाही. एकदा तो पडला की सगळे मोबाइल वर धरून उभे राहतात, आणि दोष द्यायला एकच माणूस सापडतो. केबिनमधला.

खंडेनवमीच्या भाषणाची सुरुवात अशी करावी म्हणतो. मागच्या वर्षीपेक्षा बरी आहे. दरवर्षी वारज्याच्या यार्डात क्रेन धुतात, झेंडूचे हार, नारळ, पेढे, आणि मग मी. ऑपरेटरांच्या संघटनेचा अध्यक्ष झाल्यापासून यात खंड नाही. केबिन सोडून दोन वर्षं झाली, बोलणं काही सुटत नाही.

या वर्षी विषय आयता आला. मंगळवारी कर्वेनगरात संपतची चाळीस टनी क्रेन कलंडली. सोसायटीच्या मागच्या अंगणात जनरेटर उतरवत होता. क्रेनला टेकू देणारे पलीकडचे दोन्ही जॅक जमिनीवरून सुटले, लांब हात, म्हणजे बूम, कंपाउंडच्या भिंतीवर, जनरेटर खाली सिमेंटच्या बाकावर. बाक रिकामा होता. कुणाला खरचटलंही नाही.

संपत वाशिमचा. माझ्या हाताखाली तयार झालेला. आता पस्तिशीचा, दोन मुलींचा बाप. मालक तात्यांनी त्याला केबिनमधून उतरवून खाली भाराला पट्टे बांधायला लावलंय. नवमीला सगळ्यांसमोर निकाल: पुन्हा वर बसेल किंवा घरी जाईल. आणि चूक कुणाची, हे अध्यक्षांनी, म्हणजे मी सांगायचं.

सांगू. त्यात काय.

१४ सप्टेंबर, रवि.

यार्डात गेलो. पितृपंधरवडा, कामं कमी, अकराच्या अकरा क्रेन ओळीने उभ्या. प्रत्येकीच्या बूमवर माझी ओळ पिवळ्या रंगात:

जॅक ते हूक, मोजा अचूक.

ऊन पडलं होतं. अक्षरं लांबून फुलांसारखी दिसत होती. अजून बरं वाटतं पाहून, खोटं कशाला बोलू.

संपत पट्ट्यांच्या गुंडाळ्या करत बसला होता. नऊ वर्षं याला खालून वर पाहत आलो, आज वरून खाली पाहिलं. डोक्यावर टक्कल पडू लागलंय, माहीत नव्हतं.

"मोजलं होतंस?"

"मोजलं ना भाऊ. दोनदा. जॅक ते हूक सोळा मीटर. क्रेनच्या चार्टात सोळा मीटरवर साडेचार टन चालते. जनरेटर, हूक, पट्टे समदं धरून चार टन शंभर."

"भोंगा नाही वाजला?"

"वाजला." मग पट्टा गुंडाळत, "तो तं पानी पडलं का उगाच वाजते. म्या चाबी फिरवून बंद केला. तुमची ओळ काई खोटी नसते म्हटलं."

भार हद्दीबाहेर जातोय हे सांगायलाच तो भोंगा. त्याचं तोंड बंद करायचं म्हणजे घराच्या राखणदाराला आपणच अफू पाजायची. मी त्याला तिथेच धुतलं. दहा मिनिटं. शिस्त, जबाबदारी, खाली उभ्या माणसाचा जीव. पट्टे बांधणारे खलाशी हातातली कामं सोडून ऐकत उभे राहिले. एक तर मान डोलावत होता.

संपत एवढंच म्हणाला, "मोजण्यातच काई चुकलो असन."

बोलणं चांगलं झालं होतं.

१६ सप्टेंबर, मंगळ.

कर्वेनगर. निकाल द्यायचा तर जागा पाहायला हवी म्हणून टेप घेऊन गेलो.

फाटकाशी सोसायटीचे एक आजोबा. इस्त्रीचा शर्ट, हातात वर्तमानपत्राची घडी.

"आपण उचलायला आलात की पाडायला?"

म्हटलं, बघायला आलोय.

"बघा. तो बाक. मी रोज पाच वाजता तिथे बसतो. तुमचं साडेचारला पडलं. माझी शिस्त वाखाणायची की तुमचा वक्तशीरपणा, ठरलं की सांगा."

पुढे काही न बोलता स्वतःच टेपचं एक टोक धरायला आले.

पेव्हर ब्लॉकमध्ये चारही जॅकचे ठसे अजून आहेत. दोन खोल, दोन उथळ. भाराकडच्या दोन खोल ठशांची रेघ पकडली, तिथून बाकापर्यंत टेप ताणला. सोळा मीटर. वर दोन बोटं. संपतने बरोबर मोजलं होतं.

मग पडली का?

जनरेटरचं वजन कागदावर पाहिलं, बरोबर. जमीन खचलेली नाही. त्या दिवशी वारा नव्हता, आजोबा म्हणाले, पानसुद्धा हलत नव्हतं. मी उरलेल्या अर्ध्या बाकावर बसलो. समोर चार ठसे, चौकोन. उगाच मनातल्या मनात त्याचे कर्ण काढले. एकमेकांना छेदतात तिथे ब्लॉक स्वच्छ, कोरे, फटीत हिरवं शेवाळ तसंच. तिथे क्रेन जमिनीला टेकलीच नव्हती. आणि फिरत होती ती तर त्याच जागेभोवती.

चार्टातलं अंतर तिथून असतं. गाडी फिरते त्या मध्यापासून. जॅकपासून नव्हे.

मध्यापासून जॅक तीन मीटर. सोळा आणि तीन एकोणीस. एकोणिसाला ही गाडी तीन टनांच्या जरा वर पेलते. त्याने चार टन शंभर टांगले होते. भोंगा खरं बोलत होता.

चाळीस टनी म्हटलं की बाहेरच्याला वाटतं चाळीस टन कुठेही. भरलेली कळशी कमरेवर घ्या, मग तीच हात लांब करून धरा. हात जसा लांब जाईल तशी ताकद ओसरते. हे मी शंभर सभांत सांगितलंय. हात सुरू कुठून होतो, ते मात्र…

आजोबा विचारत होते, "सापडलं का?"

म्हटलं, हो.

"कुणाचं निघालं?"

मी टेप गुंडाळत राहिलो.

१७ सप्टेंबर, बुध.

काही नाही. दिवसभर पडून. छताच्या पंख्याची पाती, आणि मधला तो गोल. तो जागचा हलत नाही.

१९ सप्टेंबर, शुक्र.

ती ओळ कशी सुचली ते आठवत बसलो. आठवायला फार गोड आहे, हीच पंचाईत.

बाणेरकडची साइट. दुपार. सिमेंट यायला उशीर, म्हणून केबिनमध्ये वाचत होतो. वाचनालयाची पुस्तकं मी क्रेनमध्येच वाचली, सगळी. वाट पाहण्याचा पगार मिळणारा दुसरा धंदा मला माहीत नाही. बूमच्या टोकाच्या उंचीवर एक घार तरंगत होती. पंख न हलवता. मी पुस्तक मिटलं आणि ती ओळ आली, जशीच्या तशी, कुणी कानात सांगितल्यासारखी. जॅक ते हूक, मोजा अचूक. त्या वर्षी नवमीला म्हटली, टाळ्या. पुढच्या वर्षी तात्यांनी रंगवून घेतली. मग इतर मालकांनी.

चूक कुठे झाली तेही आता दिसतं. माझी पहिली गाडी हायड्रा. पुढे भार टांगून चाकांवर चालणारी, जॅक नसलेली. तिच्या चार्टात अंतर पुढच्या बंपरपासून धरलेलं होतं. गाडीच्या कडेपासून मोजायची सवय हाताला लागली, ती मोठ्या क्रेनवर तशीच आली. मी स्वतः इतकी वर्षं वाचलो, कारण मी हद्दीच्या जवळ कधी गेलोच नाही. नेहमी राखून उचलायचो. भित्रा म्हणायचे मला. ओळ त्यांना दिली, भित्रेपणा द्यायचा राहिला.

आणि कुणी विचारलं का नाही? जुन्या ऑपरेटरांना कळलं नसेल? यमक जुळलं की माणूस तपासायचं सोडतो. मीसुद्धा सोडलं.

२१ सप्टेंबर, रवि.

स्वप्न. सगळं पुणं हुकाला टांगलेलं. टेकड्या, पाण्याच्या टाक्या, आमची विश्रांतवाडी, वाळत घातलेल्या कपड्यांसकट. अगदी सावकाश फिरत होतं. कुणाला पत्ता नव्हता. बायका गॅलरीतून भाजीवाल्याशी घासाघीस करत होत्या, आणि भाजीवाला ढगात. मी खाली उभा, हातात टेप. टोक कुठे टेकवायचं ते आठवत नव्हतं. भीती वाटायला हवी होती, पण फार शांत वाटत होतं.

सकाळी बायकोला, सु.ला सांगितलं. चहा गाळता गाळता म्हणाली, "पुणं टांगलेलंच असतं. तुम्हाला आता दिसलं." मग, "अहो, चार दिवस घरात कुणी भाषण केलेलं नाही. बरं आहे ना सगळं?"

तिला सांगितलं सगळं. तिने कप खाली ठेवला.

"संपतला माहीत आहे?"

"नाही."

"मग आधी मला कशाला सांगता?"

२३ सप्टेंबर, मंगळ.

आधी तात्यांकडेच गेलो. का, ते माहीत आहे मला.

तात्या वारज्याचे मूळचे. जिथे यार्ड आहे तिथे त्यांचा उसाचा फड होता. कागदावर चौकोन काढून दाखवला. माणूस हुशार, अर्ध्यातच समजला. बाहेरच्या क्रेनकडे बोट केलं.

"म्हंजे अध्यक्ष, चार वर्षं आमच्या गाड्यांवर खोटं लिवलंय."

"हो."

"आन् तुमाला आत्ता कळलं."

"हो."

"बरं." पानाचा डबा उघडला. "मंग जॅक पुसू. मध्य लिवू. मध्य ते हूक, मोजा अचूक. यमक हाय तसंच ऱ्हातंय. पेंटर एका दुपारात करंल. कुणाला कळणार न्हाई."

मला हसू आलं. माझी ओळ त्यांनी माझ्यापेक्षा पटकन दुरुस्त केली. आणि लगेच हसू थांबलं. कारण ओळ आधीपासून बरोबर होती असं ठरलं, तर संपतने चुकीचं मोजलं हेही ठरलं.

ते बोलून दाखवलं.

"संपतचं बघू की. भोंगा तर त्यानंच बंद केला का न्हाई? सा महिने पट्टे बांधू दे, मंग घेतो गुपचूप वर. पन तुमी नवमीला उभं राहून ओळ चुकली म्हनाला ना, तर ह्या पोरांना एवढं एकच वाक्य पाठ हाय. तेबी काढून घेणार? उद्या तुमचं कोन ऐकंल?"

मी कागदाची घडी करून खिशात घातली. सभेत असतं तर उत्तर दिलं असतं.

२६ सप्टेंबर, शुक्र.

आज संपतला सांगितलं.

वारज्याच्या चौकात चहाच्या गाडीमागे कट्टा आहे, तिथे. मी तयारी करून गेलो होतो. तीन वाक्यं. दुसऱ्यात अडकलो. मग त्याच्याच खिशातली वही मागून घेतली. प्रत्येक उचल तो त्यात लिहितो, तारीख, वजन, जॅक ते हूक किती. एका कोऱ्या पानावर चार ठसे काढले, कर्ण काढले, मधल्या टिंबावर पेन टेकवून ठेवला.

त्याने पाहिलं. चहावर साय धरली.

"आठ रोज झाले भाऊ, म्या टेप पायतो. घरी दाराले लावून पायला, मंग सोनाराच्या पट्टीशी लावून पायला. म्हटलं टेप तं लांबली नाई?"

मी वही त्याच्याकडे सरकवली.

तो वहीची मागची पानं उलटू लागला. एकेका उचलीवर बोट ठेवत, ओठांत तीन मिळवत. वाघोली, चौदा, म्हणजे सतरा. हडपसर, बारा, म्हणजे पंधरा. एका पानावर बोट थांबलं. तिथे शाळा होती, म्हणाला. छतावर टाक्या चढवल्या होत्या. शाळा चालू होती.

"वाचलो," म्हणाला. कोण, ते म्हणाला नाही.

मी माफी मागितली. नीट, हात जोडून. त्याने माझे हात खाली केले, मायेने नव्हे, लोक पाहत होते म्हणून.

"भोंगा बंद केला ते माझं. ते म्या कोनावर टाकत नाई. पन एक सांगा. हे तुमी मले एकट्यालेच सांगून रायले, का समद्याईले सांगान?"

"सांगेन," म्हटलं.

"तुमी बोलता लय चांगलं," संपत म्हणाला आणि उठला. वही माझ्याकडेच राहिली.

२८ सप्टेंबर, रवि.

भाषण लिहिलं. चार पानं. सु.ला वाचून दाखवलं. ती वाटाणे सोलत होती.

"हे 'आपल्या सर्वांकडून नकळत एक चूक झाली' म्हणजे नक्की किती जण? मी धरून का?"

खोडलं.

"आणि ही दोन पानं यंत्रयुगावर आहेत. संपत तिसऱ्या पानावर येतो. तोपर्यंत पेढे वाटून होतील."

खोडलं. उरलं अर्धं पान. एवढं छोटं कधी बोललो नाही. वाचून पाहिलं तर ठेका कुठेच सापडेना. प्रत्येक वाक्य दगडासारखं आपापल्या जागी बसून. टाळीची जागा एकही नाही.

दुपारी डोळा लागला. भार जमिनीवरून सुटतो तो क्षण दिसला. दोर ताठ होतो, भार अजून खाली असतो, पण जमिनीचा राहिलेला नसतो. कागद सरकेल एवढी फट. तिथे थांबायचं असतं. सगळं ठीक आहे ना, बघायचं, मगच वर. त्या फटीत बरंच काही…

सु.ने उठवलं.

१ ऑक्टोबर, बुध. खंडेनवमी

यार्ड, सकाळचे दहा. संपतच्या क्रेनच्या केबिनमध्ये बसून लिहितोय. बूम वाकलेला, तरी हिलाही हार घातलाय. काचेतून झेंडू आणि त्यामागे आभाळ. खाली माणसं जमतायत. आंघोळी करून, कपाळाला गंध लावून, धुतलेल्या गाड्यांमधून ओळखू न येण्याइतकी कोवळी दिसतात.

तात्यांनी पेंटर आणलाच. काल दुपारी. दहा गाड्यांवर 'मध्य' झालंय. पिवळा तोच मिळालाय, नीट बघितलं तरच नवा कळतो. कुणी विचारलेलं नाही. मघाशी एक ऑपरेटर बूमखाली उभा राहून मोठ्याने वाचत होता, मध्य ते हूक, आणि मान डोलावत होता. जणू कायम तेच होतं. ही एकच गाडी उरलीय, मोडलेली म्हणून. हिच्यावर अजून 'जॅक' आहे.

संपत आला आहे. बायकोला आणि मुलींना घेऊन. शेवटच्या रांगेत, फाटकाजवळ. तात्या त्याच्याकडे बघत नाहीत, माझ्याकडे बघतायत. त्यांनी काय ठरवलंय कळत नाही. विचारलं तर म्हणाले, "तुमी बोला आधी. मंग बघू."

सु. खाली उभी आहे. मनगटावरचं घड्याळ दाखवतेय.

अर्धं पान इथे उतरवून ठेवतो. वर उभा राहिलो की जीभ कुठे वळेल भरवसा नाही. तिला वळणाची सवय आहे.

ऑपरेटर बांधवांनो. संपतने बरोबर मोजलं. मी सांगितलं तसं मोजलं. मी चुकीचं सांगितलं होतं. चार वर्षं तुमच्या गाड्यांवर जी ओळ होती ती माझी होती, ती चुकीची होती आणि काल ती पुसली गेली. भोंगा बंद केला ही संपतची चूक. भोंग्यापेक्षा माझ्यावर विश्वास ठेवायला त्याला मी शिकवलं, ही माझी. दोन्ही मोजा आणि मग त्याचं काय करायचं ते ठरवा.

नवी ओळही पाठ करू नका. प्रत्येक गाडीचा मध्य वेगळा, जॅक वेगळे पसरतात. टाळ्या नकोत. पेढा खाण्याआधी आपापल्या क्रेनखाली जा, जॅक पूर्ण बाहेर काढा, गाडी फिरते त्या मध्यापासून जॅकपर्यंत टेप धरा, आणि जो आकडा येईल तो खडूने केबिनच्या काचेवर लिहा.